विश्लेषण : बेंबळीत पाऊस किती पडला, हे ठरवते कोण?

समजा, सप्टेंबरातल्या एका रात्री बेंबळी मंडळातल्या एका टोकाच्या शिवारात धो-धो पाऊस झाला. काढणीला आलेल्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी साचले. सकाळी मोबाइलवर मंडळाचा आकडा आला : २२ मिलिमीटर. शेतकऱ्याला वाटते आकडा खोटा आहे. तलाठी म्हणतो, यंत्राने दिलाय. विमा कंपनी म्हणते, आम्हाला हाच आकडा मिळालाय. तिघेही आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण यंत्र जिथे उभे आहे तिथे त्या रात्री खरोखरच २२ मिलिमीटर पाऊस पडलेला असू शकतो.

पीक विम्यावरची चर्चा बहुतेक वेळा कंपनी किती कमावते आणि सरकार किती देते यावर फिरते. त्याआधीचा प्रश्न मागे पडतो. ज्या आकड्यावर भरपाई ठरते किंवा नाकारली जाते, तो आकडा कोण मोजते, कुठे मोजते आणि तो चुकला तर शेतकऱ्याने तपासायचा कसा?

मंडळाला एक यंत्र, हे गणित आले कुठून?

धाराशिव तालुक्यात बेंबळी, पाडोळी, केशेगाव, जागजी, तेर, ढोकी अशी महसूल मंडळे आहेत. पूर्वी पाऊस मोजायचा तो तहसील कार्यालयाच्या किंवा मंडळाच्या आवारातल्या साध्या पर्जन्यमापकाने. रोज सकाळी कोणीतरी बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतून आकडा वहीत लिहायचा. सुट्टीच्या दिवशीही तो न चुकता लिहिला जायचा का, यावर गावोगावी किस्से आहेत.

हे बदलण्यासाठी राज्याने 'महावेध' प्रकल्प आणला. ३० एप्रिल २०१७ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव येथे पहिल्या केंद्राचे उद्घाटन तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. सुरुवातीला २०६५ महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवायची होती, पुढे संख्या वाढली. सपाट भागात साधारण १२ बाय १२ किलोमीटरला एक केंद्र असा हिशेब धरला गेला. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी होते. काम स्कायमेट या खासगी कंपनीकडे गेले आणि तेही सार्वजनिक-खासगी भागीदारीत : जागा सरकारची, यंत्रे आणि देखभाल कंपनीची. सरकारला माहिती मिळणार आणि कंपनी तीच माहिती विमा कंपन्यांसारख्या ग्राहकांना विकू शकणार, अशी ती रचना.

सरकारी तिजोरीवर भार न टाकता हजारो यंत्रे उभी राहिली, हे काम लहान नव्हते. पण याच टप्प्यावर पावसाचा आकडा गावच्या वहीतून निघून बाजारात गेला. त्याला गिऱ्हाईक आले. बेंबळीच्या शेतकऱ्याला मात्र दिवसाच्या शेवटी फक्त एक बेरीज दिसते.

यंत्र पाऊस मोजते म्हणजे नेमके काय करते?

वर साधारण वीतभर व्यासाचे नरसाळे असते. त्याखाली सी-सॉसारखे दोन छोटे पेले. एक पेला ठरावीक पाण्याने भरला की कलंडतो आणि दुसरा वर येतो. प्रत्येक कलंडीला एक विजेचा ठोका नोंदवला जातो. ठोके मोजले की पाऊस कळतो. यंत्र साधे, टिकाऊ आणि स्वस्त आहे.

त्याच्या मर्यादाही साध्याच आहेत. फार जोराच्या सरीत पेला कलंडत असताना पडणारे पाणी मोजणीतून निसटते, म्हणजे ढगफुटीसारख्या पावसात यंत्र थोडे कमीच दाखवण्याची शक्यता जास्त. नरसाळ्यात पाला, धूळ किंवा पाखराची विष्ठा अडकली तर पाणी थेंब-थेंब झिरपते. मग रात्रीचा जोरदार पाऊस नोंदीत पहाटेच्या रिमझिमीसारखा दिसतो. शेजारी भिंत किंवा झाड असेल तर वाऱ्यासह येणारा पाऊस अडतो. म्हणूनच अडथळ्याची उंची जेवढी, त्याच्या निदान दुप्पट आणि शक्यतो चौपट अंतरावर यंत्र असावे, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. आपल्या मंडळाचे यंत्र कुठल्या आवारात आहे आणि शेजारी किती उंच काय उभे आहे, हे पाहायला अभियंता लागत नाही.

आता प्रमाण पाहा. १२ बाय १२ किलोमीटर म्हणजे १४४ चौरस किलोमीटर, १४ हजार ४०० हेक्टर. एवढ्या रानाचा पाऊस एका वीतभर नरसाळ्यावरून ठरतो. जुलैतला सर्वदूर झडीचा पाऊस असेल तर हे चालून जाते. परतीच्या पावसात चालत नाही. विजांसह येणारा एक ढग दोन-तीन किलोमीटरचा पट्टा झोडपून जातो आणि शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही. विमा क्षेत्रात या तफावतीला 'बेसिस रिस्क' म्हणतात : नुकसान शेतात होते, मोजणी दुसरीकडे होते आणि मधल्या अंतराचा धोका ज्याने हप्ता भरला त्याच्याच माथी राहतो.

सकाळी साडेआठचा घोळ

अतिवृष्टी कधी म्हणायची? २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की. हवामान खात्याच्या व्याख्येत 'जोरदार पाऊस' ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो, तोच हा आकडा. एका एकरावर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी. हा उंबरठा ओलांडला की मंडळ अतिवृष्टीग्रस्त म्हणून नोंदले जाते आणि मदतीची चक्रे फिरू लागतात.

पण हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटे पाचपासून दुपारी बारापर्यंत सलग पाऊस झाला, असे धरू. साडेआठपर्यंत ४० मिलिमीटर, नंतर ४५. शेतात ८५ मिलिमीटर पाणी आहे. कागदावर एका दिवशी ४० आणि दुसऱ्या दिवशी ४५, म्हणजे दोन्ही दिवशी अतिवृष्टी नाही.

यंत्र दर दहा मिनिटांनी नोंद करत असताना ही अडचण राहायला नको. कोणत्याही सलग २४ तासांची बेरीज काढणे संगणकाला क्षणाचे काम आहे. साडेआठची वेळ आली ती सकाळी माणूस जाऊन बाटली मोजत होता म्हणून. माणूस गेला, यंत्र आले, वेळ तीच राहिली. दैनंदिन अहवाल आणि जुन्या नोंदींशी तुलना यासाठी ती वेळ ठेवायला हरकत नाही. भरपाईच्या निकषासाठी तीच धरून बसण्याचे तांत्रिक कारण एकही नाही.

खंडाच्या वेळी उलटा घोळ होतो. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सलग २१ दिवस पावसाचा खंड पडला तर विम्याची २५ टक्के आगाऊ रक्कम मिळणार, या आशेवर त्या वर्षी मराठवाड्यातली मंडळे होती. अनेक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचना काढल्या, कंपन्यांनी त्यावर आक्षेप घेतले, अपिले झाली. अडीच मिलिमीटर झाले की तो 'पावसाचा दिवस' मानला जातो. जमीन भेगाळलेली असताना अठराव्या दिवशी यंत्रावर एक भुरभुर आली की खंड मोडतो. पीक मात्र त्या भुरभुरीने जगत नाही. पुढे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात धाराशिव तालुकाही होता.

कंपन्यांना हवामानाची माहिती कशाला लागते?

सर्वसाधारण समज असा की विमा कंपनी अंदाज पाहून धंदा करते. खरे तर तिला पुढच्या आठवड्याच्या अंदाजापेक्षा मागच्या वीस-तीस वर्षांच्या नोंदी जास्त मोलाच्या असतात. किती वर्षांतून एकदा सप्टेंबरात इतका पाऊस होतो, यावर हप्ता ठरतो. त्याच नोंदी पुनर्विमा कंपन्यांना दाखवाव्या लागतात. त्या म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्या, आपल्याकडची मुंबईतली जीआयसी री किंवा युरोपातल्या म्युनिक री, स्विस री.

अंदाजाची तर कंपनीला भीतीच असते. पाऊस येणार नाही हे आधी कळले तर ज्यांचे नुकसान नक्की आहे तेच विमा घेतील. खरिपाला साधारणपणे ३१ जुलैची मुदत असते, त्यामागे हेही एक कारण. अंदाज जसजसे बारीक होत जातील तसा हा पेच वाढेल. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेत विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' २६ मे २०२५ रोजी सुरू झाली. तिने अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली. थोडक्यात, अंदाज आता ६ किलोमीटरचा आहे आणि प्रत्यक्ष पडलेल्या पावसाची मोजणी अजून १२ किलोमीटरच्या हिशेबावर.

इतिहासाची अडचण वेगळी आहे. महावेधची नोंद २०१७ नंतरची. त्याआधीचा बेंबळीचा पाऊस हवा असेल तर हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या चौकोनी नकाशाकडे जावे लागते. त्यातला एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. तेवढ्या चौकोनात कित्येक गावांचे शिवार एकाच आकड्यात बसते. हप्ता या मोठ्या चौकोनावर काढायचा, भरपाई एका नरसाळ्यावर द्यायची आणि नुकसान दोन एकरांवर व्हायचे, अशी ही तीन मापे आहेत.

पावसाचा विमा ही कल्पना मात्र भारतातलीच आणि जुनी. म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्ये शेती विम्यावर पुस्तक लिहून पावसाच्या मोजणीवर भरपाई देण्याची योजना मांडली होती. प्रत्येक शेत पाहत बसण्यापेक्षा पर्जन्यमापक पाहावा, हा त्यांचा युक्तिवाद. आज फळपिकांचा हवामान आधारित विमा याच तत्त्वावर चालतो. द्राक्ष, डाळिंब, आंबा यांसाठी शेताचा पंचनामाच होत नाही. केंद्रावरचे तापमान, पाऊस किंवा आर्द्रता ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की पैसे, नाही गेली की नाही. तिथे तर यंत्राचा शब्द हा शेवटचा शब्द असतो.

२०२० ने काय शिकवले, २०२५ मध्ये काय झाले?

धाराशिव जिल्ह्याला हा वाद नवा नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत सोयाबीन गेले. महसूल आणि कृषी यंत्रणेने पंचनामे केले, सरकारी मदतही आली. विमा मात्र अडला, कारण नुकसानीची सूचना ७२ तासांत कंपनीला दिली नाही, असा आक्षेप होता. रस्ते बंद, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही आणि शेतकऱ्याने तीन दिवसांत ॲपवर फोटो टाकावा, ही अपेक्षा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ६ मे २०२२ रोजी बजाज अलायन्स कंपनीला जिल्ह्यातल्या ३ लाख ५७ हजारांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले.

या निकालाकडे शेतकऱ्यांचा विजय म्हणून पाहिले गेले आणि ते बरोबरच आहे. पण त्यात एक गोष्ट उघडी पडली. एका नुकसानीची दोन दफ्तरे असतात, एक सरकारचे आणि एक कंपनीचे. पहिल्यात पीक गेलेले असते, दुसऱ्यात ते शाबूत असते. ही दोन दफ्तरे जुळवायला दीड वर्ष आणि उच्च न्यायालय लागले.

२०२३ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात विमा दिला. अर्ज भरमसाट वाढले आणि बोगस अर्जांच्या तक्रारीही. देवस्थानच्या, सरकारी जमिनींवर विमा उतरवल्याचे प्रकार निघाले. सरकारने २०२५ च्या खरिपापासून योजना बदलली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, नगदी पिकांना ५ टक्के झाला. त्याचबरोबर पेरणी न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही चारही भरपाईची कारणे काढून टाकली. उरला तो फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळातल्या मोजक्या प्लॉटांवर उत्पादन मोजायचे, मंडळाची सरासरी काढायची आणि ती उंबरठा उत्पादनापेक्षा कमी असेल तरच सर्वांना त्या प्रमाणात पैसे.

आणि नेमका त्याच खरिपात पूर आला. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या रानात पिकासह मातीही गेली. राज्याने ऑक्टोबरात ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण विम्यात 'माझे शेत बुडाले' असे सांगायची सोयच उरली नव्हती.

नुसत्या सरासरीचा अर्थ काय होतो, ते साध्या उदाहरणाने कळेल. मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल धरा. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला शून्य आले, माळावरच्याला ११. मंडळाची सरासरी ८ निघाली, तर दोघांनाही विमा रकमेच्या २० टक्के. सरासरी १० निघाली तर ओढ्याकाठच्यालाही काही नाही.

बोगस अर्ज रोखायला हवे होते, यात वाद नाही. त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी आणलीही गेली. पण अर्जातला खोटेपणा आणि पुरात बुडालेले शेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा राग दुसरीवर काढला गेला.

पावसाचे यंत्र आता बिनमहत्त्वाचे झाले का?

तसे वाटेल, पण नाही. केंद्राने २०२३ च्या खरिपापासून 'येस-टेक' पद्धत आणली. आधी भात आणि गहू, २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनही. उपग्रह आणि संगणकी प्रारूपांनी काढलेल्या उत्पादनाला यात किमान ३० टक्के वजन आहे. ही प्रारूपे तापमान आणि पावसाच्या नोंदी खाऊनच चालतात. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेला पावसाचा आकडा मागच्या दाराने पुन्हा आत आला. फरक इतकाच की तो आता प्रारूपाच्या पोटात आहे आणि शेतकऱ्याला २२ मिलिमीटरवर भांडायचीही सोय नाही.

राज्यातल्या '८०:११०' सूत्राने आणखी एक गाठ घातली आहे. भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य सरकार उचलते. ती ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनी २० टक्के ठेवून बाकी सरकारला परत करते. कंपन्यांच्या नफ्याला यामुळे लगाम बसला, हे चांगलेच. पण त्यामुळे आकडा कमी दिसण्यात सरकारचाही पैसा वाचतो. मोजणारा आणि देणारा यांच्यात तटस्थ असे कोणी उरत नाही. कोणी मुद्दाम आकडा फिरवतो, असा याचा अर्थ नव्हे. पण तिऱ्हाइताला तपासता येईल असा आकडा हवा, याला यापेक्षा मोठे कारण लागत नाही.

मग करायचे काय?

केंद्राने जुलै २०२३ मध्ये 'विंड्स' प्रकल्प जाहीर केला : तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक. महाराष्ट्रानेही ग्रामपंचायत पातळीवर जायचे ठरवले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्यप्राण्यांचे नुकसान आणि भात पाण्याखाली जाणे यांना २०२६ च्या खरिपापासून स्थानिक जोखमीत घेण्याची घोषणा केली. भातासाठी हे होऊ शकते, तर मराठवाड्यातल्या सोयाबीनसाठी का नाही, हा प्रश्न राज्य सरकारने स्वतःलाच विचारायला हवा. गावागावात पर्जन्यमापक आले की स्थानिक आपत्तीचे कारण परत आणण्यातली 'खात्री कशी करायची' ही अडचण बरीच कमी होते.

पण यंत्रे वाढवून अर्धेच काम होते. आज महारेनच्या संकेतस्थळावर मंडळाचा रोजचा पाऊस कोणालाही मोबाइलवर पाहता येतो आणि वाचकांनी तो पाहावाच. तिथे दिसते ती दिवसाची बेरीज. वाद झाल्यावर लागते ती दहा-दहा मिनिटांची नोंद. यंत्र त्या रात्री चालू होते का, बॅटरी उतरली होती का, नरसाळे शेवटचे कधी साफ केले, मधली रिकामी जागा शेजारच्या केंद्रावरून भरली का, हे सारे तिच्याबरोबर लागते. ज्या यंत्राच्या शब्दावर हजारो खातेदारांचे पैसे ठरतात, त्याची देखभालीची वही गुप्त ठेवण्याचे कारण काय? पेट्रोल पंपावरही माप तपासायला पाच लिटरचे मापटे मागता येते.

खर्चाचा मुद्दा येईल. ही माहिती विकून यंत्रांचा खर्च भागवायचा असेल तर ती फुकट कशी द्यायची? त्यावर तोडगा अवघड नाही. अंदाज, प्रारूपे, सल्ला हे कंपन्यांनी खुशाल विकावे. मोजलेला पाऊस मात्र, निदान ज्याने विमा उतरवला त्याला त्याच्या मंडळापुरता, दुसऱ्या दिवशी मिळायला हवा.

ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक यायचे तर बेंबळीसारख्या गावांत जागा ठरवावी लागेल. ग्रामपंचायतीच्या छपरावर की शाळेच्या मैदानात, पाण्याच्या टाकीपासून किती लांब, कुंपण कोण घालणार आणि पावसाळ्याच्या तोंडावर नरसाळे कोण साफ करणार, हे विषय ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेता येतात. दहा मिनिटांची नोंद खुली ठेवण्याची अट करारात असेल की नाही, हे मात्र मुंबईत ठरणार.